यादवी म्हणावे की न म्हणावे

रिचमंड, व्हर्जिनिया
दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय वसंत,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. अमेरिकेच्या यादवीबद्दल, म्हणजे उत्तर आणि दक्षिणेच्या राज्यांत १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या युद्धाबद्दल, इकडे नवे काय लिहिले जात आहे आणि लोकांना काय दाखवले जात आहे, ते सविस्तर कळव, असे तू लिहिले आहेस. लेकीकडे येऊन दोन महिने झाले. त्या काळात जे पाहिले आणि वाचले त्यावरून मला पहिली शंका तुझ्या शब्दाचीच आली. यादवी म्हटले की आपल्याला प्रभासक्षेत्री लव्हाळ्यांनी एकमेकांना झोडपणारे मदांध यादव आठवतात. भाऊच भावावर उठला, सगळेच चुकले, सगळेच मेले, मग दोष कोणाला द्यायचा? पराभूत दक्षिणेला आपल्या युद्धाची गोष्ट नेमकी अशीच सांगायची होती आणि पुढची शंभर वर्षे ती तशीच सांगितली गेली.

मी राहतो ते रिचमंड शहर दक्षिणेच्या बंडखोर राज्यसंघाची राजधानी होते. येथील मॉन्युमेंट अव्हेन्यू नावाच्या रुंद, झाडीच्या रस्त्यावर दक्षिणेच्या सेनानींचे भव्य पुतळे होते. जनरल लीचा अश्वारूढ पुतळा २०२१ च्या सप्टेंबरात उतरवला गेला. आज त्या वर्तुळात हिरवळ आणि झुडपे आहेत. ठाऊक नसेल तर तेथे काही होते असे वाटणारही नाही. (त्याच रस्त्यावर आर्थर अ‍ॅश या कृष्णवर्णीय टेनिसपटूचा पुतळा मात्र अजून उभा आहे, याची मला मोठी गंमत वाटली.) हे पुतळे युद्धातून आलेल्या पिढीने शोकाच्या भरात उभारले असावेत असा माझा समज होता. प्रत्यक्षात युद्ध संपले १८६५ मध्ये, लीचा पुतळा उभा राहिला १८९० मध्ये, दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस याचा १९०७ मध्ये आणि सेनानी जॅक्सनचा १९१९ मध्ये. मधल्या काळात, १९०२ मध्ये, व्हर्जिनियाने नवी राज्यघटना करून बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला. तारखा शेजारी ठेवल्या की पुतळे कशासाठी होते हे निराळे सांगावे लागत नाही. डेव्हिसचा पुतळा २०२० मध्ये निदर्शकांनी पाडला. पुढे येथल्याच एका संग्रहालयाने तो रंग फासलेल्या अवस्थेत, उताणा पडलेला असाच मांडला, आणि मला ती मांडणी पुतळा वितळवण्यापेक्षा अधिक शहाणपणाची वाटते.

युद्ध गुलामगिरीसाठी नव्हते, राज्यांच्या हक्कांसाठी होते, असे म्हणणारे अजूनही भेटतात. त्यांना उत्तर द्यायला नव्या पुस्तकांची गरज नाही. दक्षिणेचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्येच भर सभेत सांगितले होते की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, हीच आमच्या राज्याची कोनशिला आहे.

नव्या पुस्तकांचे मोल निराळ्या ठिकाणी आहे. मी सध्या एडा फील्ड्स-ब्लॅक यांचे ‘कॉम्बी’ वाचतो आहे. या वर्षी त्याला इतिहासाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलायनातील कॉम्बाही नदीतून उत्तरेच्या नौका, स्वतः गुलामगिरीतून निसटलेल्या आणि उत्तरेसाठी हेरगिरी करणाऱ्या हॅरिएट टबमनने मिळवलेल्या माहितीच्या आधारे वर गेल्या आणि भातशेतीच्या मळ्यांवरून सातशेहून अधिक गुलामांना एका मोहिमेत सोडवून आल्या. टबमनविषयी पूर्वीही लिहिले गेले होते. पण त्या नौकांवर धावत चढलेली माणसे कोण होती, हे लेखिकेने सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांतून शोधले आहे. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. त्यामुळे सैनिकाच्या विधवेला वेतन हवे असेल, तर आमचे लग्न कोणी पाहिले, मुले केव्हा झाली, हे शेजाऱ्यांच्या साक्षींनी सिद्ध करावे लागे. सरकारने संशयापोटी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आज त्या माणसांचे चरित्र झाली आहेत. स्वतः टबमनला १८९९ मध्ये महिना वीस डॉलर मंजूर झाले, तेही विधवा आणि परिचारिका म्हणून. हेरगिरीचा मोबदला म्हणून नव्हे. पुस्तक जाडजूड आहे, नावांच्या गर्दीत मी अनेकदा वाट चुकलो, तरी खाली ठेवावेसे वाटले नाही. सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. त्यांचे युद्ध भावाभावांचे कसे म्हणावे?

या ठिकाणी मला आपले जोतिराव आठवले. ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले म्हणून, अर्पण केला. हे युद्ध कशासाठी झाले, हे पुण्यात बसलेल्या त्या माणसाला अचूक कळले होते, आणि तेही अमेरिका स्वतः ते विसरू पाहत असताना. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स येथे गोऱ्यांच्या जमावाने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली. अर्पणपत्रिका लिहिताना जोतिरावांच्या कानावर ते गेले असेल असे वाटत नाही. शिवाय त्यांनी श्रेय सोडवणाऱ्यांना दिले; सुटणाऱ्यांनीही स्वतःला सोडवले होते, हे आताची पुस्तके दाखवतात.

दुसरा धागा तुझ्या घरापर्यंत येतो. उत्तरेच्या नाकेबंदीने दक्षिणेचा कापूस अडला, इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे वळल्या, मुंबईत पैशाचा पूर आला आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅकबे कंपनीच्या शेअरांवर लोक वेडे झाले. युद्ध संपल्याची बातमी आली तसा भाव कोसळला आणि १८६५ च्या जुलैत पेढ्या बुडाल्या. तुझे खापरपणजोबा त्याच सुमारास अकोल्यात रुईची आडत करीत होते, असे तू मागे म्हणाला होतास, आणि त्यांच्या मोडीतल्या चोपड्या माळ्यावरच्या पेटीत आहेत, असेही. दिवाळीला घर आवराल तेव्हा ती पेटी खाली काढ. भाव चढले कशामुळे आणि पडले कशामुळे, याची एखादी ओळ त्यांनी समासात लिहून ठेवली असेल, तर त्या लढाईला त्यांनी कोणते नाव दिले आहे, तेवढे मला उतरवून पाठव. ‘कॉम्बी’ मी येताना तुझ्यासाठी घेऊन येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव