कृत्रिम डोळा आणि ‘घरच्या घरी’ची चौकट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कृत्रिम डोळ्यांच्या निर्जंतुकीकरणासाठी नैसर्गिक बुरशीनाशके, हा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. मी स्वतः गेली कित्येक वर्षं कृत्रिम डोळा वापरते. आमच्या या विषयाकडे वर्तमानपत्राचं लक्ष गेलं याचा मनापासून आनंद झाला, पण लेखाखालची चौकट वाचली आणि संताप आला. ‘घरच्या घरी करून पाहा’ म्हणे! कोमट पाण्यात टी ट्री तेलाचे (टी ट्री या झाडाच्या पानांतून काढलेल्या तेलाचे) थेंब टाका आणि रात्रभर डोळा त्यात बुडवून ठेवा. हे कोणाला विचारून छापलंत?

लेखातली मूळ माहिती चुकीची आहे असं मी म्हणत नाही. टी ट्री तेलातला टर्पिनेन-४-ऑल किंवा ओव्यातला थायमॉल कॅन्डिडा बुरशीच्या पेशींचं आवरण फोडतो, हे खरं आहे. पण असे प्रयोग होतात ते ॲक्रिलिकच्या, म्हणजे कृत्रिम डोळा ज्या प्लॅस्टिकचा बनवतात त्याच्या, छोट्या चकत्यांवर. चकतीवर बुरशी वाढवायची, ती द्रावणात बुडवायची आणि मग किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजायचं. ती चकती नंतर कोणाच्या डोळ्याच्या खोबणीत बसवायची नसते. माझा डोळा सकाळी परत आत जातो आणि दिवसभर ओल्या, नाजूक त्वचेला चिकटून राहतो. शिवाय तेल पाण्यात विरघळत नाही. प्रयोगशाळेत ते मिसळण्यासाठी वेगळं रसायन घालतात. घरच्या वाटीत ते वर तरंगणार, आणि डोळा बाहेर काढताना नेमकं त्याच्याच अंगाला लागणार. न मिसळलेलं टी ट्री तेल डोळ्याला किती झोंबतं, हे कोणत्याही नेत्रतज्ज्ञाला विचारा.

मी एवढी का चिडले आहे ते सांगते. काही वर्षांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन होतं. भूल देण्याआधी डोळा काढून द्या म्हणाले, मी दिला. तिथल्या कोणीतरी तो ‘स्वच्छ राहावा’ म्हणून स्पिरिटमध्ये टाकून ठेवला. हेतू चांगलाच होता. शुद्धीवर आल्यावर डोळा हातात मिळाला तेव्हा वरवर ठीक वाटला, पण खिडकीशी नेऊन तिरका धरल्यावर दिसलं. जुन्या चिनी मातीच्या बशीवर पडतात तशा केसाहून बारीक भेगांचं जाळं अख्ख्या बुबुळावर पसरलं होतं. ॲक्रिलिकला अल्कोहोल चालत नाही, ही साधी गोष्ट तिथे कोणालाच ठाऊक नव्हती. पुढे खोबणीला खाज सुटली, सकाळी पापण्या चिकटलेल्या असायच्या, दिवसभर चिपडं पुसत बसायचं. तपासणीत यीस्ट, म्हणजे बुरशीच, निघाली. डोळा बनवणाऱ्या तंत्रज्ञांनी भिंगाखाली धरून मला त्या भेगा दाखवल्या. त्यांच्यात साचलेला पांढुरका थर साबणाने निघत नव्हता. भेगा जाईपर्यंत घासून पॉलिश केलं तर आकारच बिघडेल म्हणाले. शेवटी तो डोळा टाकून द्यावा लागला. त्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्या लाल रेशमाचे धागे एकेक करून बसवून केलेल्या होत्या, माझ्या दुसऱ्या डोळ्याकडे बघून. नवा डोळा चांगला आहे, पण तो तसा जुळला नाही.

म्हणून त्या चौकटीतलं ‘रात्रभर’ वाचून माझ्या पोटात गोळा आला. बुरशीला राहायला जागा मिळते ती खरखरीत पृष्ठभागावर. तिथे तिचा चिकट थर, म्हणजे बायोफिल्म, एकदा जमला की सुट्या पेशींना मारणारं औषधही त्याच्यापुढे तोकडं पडतं. तेव्हा कोणतंही द्रावण ॲक्रिलिकचं काय करतं, हा प्रश्न बुरशीच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. तुमच्या लेखात त्यावर एक ओळ नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचीही तुम्ही शिफारस केली आहे. पांढऱ्या ॲक्रिलिकला पिवळा डाग पडला तर तो कोण काढणार?

आणि ‘नैसर्गिक, म्हणून निर्धोक’ हे वाक्य तरी छापायला नको होतं. बुरशीवरची कितीतरी जुनी औषधं मातीतल्या जिवाणूंपासूनच मिळाली आहेत. एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन यांनी १९५० मध्ये जगापुढे आणलेलं निस्टॅटिन तसंच. बुबुळाच्या बुरशीवर आजही ५ टक्क्यांचे थेंब म्हणून वापरतात ते नॅटामायसिनही तसंच. अ‍ॅम्फोटेरिसिन बीसुद्धा निसर्गातूनच आलं, आणि ते मूत्रपिंडाला किती त्रास देतं हे डॉक्टर जाणतात. ही औषधं पोटात, शिरेत किंवा डोळ्यात जाण्याआधी मात्रा, शुद्धता, दुष्परिणाम सगळं तपासलं गेलं. चौकटीतल्या थेंबांचं असं काय तपासलं आहे?

प्रयोगशाळेत पास झालेली वस्तू माणसांच्या हातात नापास होऊ शकते, हे २००६ साली दिसलं आहे. कॉन्टॅक्ट लेन्सचं एक द्रावण ठरलेल्या चाचण्यांमधून पार पडून बाजारात आलं होतं. तेच वापरणाऱ्या अनेकांना फ्युझेरियम बुरशीमुळे बुबुळाचा गंभीर संसर्ग झाला आणि ते जगभरातून मागे घ्यावं लागलं. काहींना बुबुळ बदलून घेण्याची वेळ आली.

आम्हाला खरोखर उपयोगी पडणारी माहिती अगदी साधी आहे आणि तीच लेखात नाही. आधी हात धुवायचे. डोळा सौम्य साबणाने आणि पाण्याने धुवायचा, साबणाचा अंश राहू द्यायचा नाही. उकळतं पाणी, स्पिरिट, ब्लीच यांपासून लांब ठेवायचा. साधारण वर्षातून एकदा तंत्रज्ञाकडून पॉलिश करून घ्यायचा. उगाच रोज काढघाल करायची नाही. न्यूझीलंडमधल्या अभ्यासांत तर वारंवार काढून धुणाऱ्यांमध्ये चिकट स्राव जास्त आढळला होता. स्राव वाढला, रंग बदलला, वास आला तर थेट डॉक्टरांकडे जायचं.

लेखासोबतच्या चित्राबद्दलही बोलायलाच हवं. तळहातावर गोल गोटी! आजचा कृत्रिम डोळा बहुतेक वेळा शिंपल्यासारखा वाकडा, पातळ कवचाचा असतो. खोबणीचं माप घेऊन प्रत्येकासाठी तो वेगळा घडवतात. लहान मुलांचा वाढत्या वयाबरोबर बदलावा लागतो. असली गोटीची चित्रं बघूनच नव्याने डोळा गमावलेली माणसं घाबरतात. अशा दोघांची समजूत घालताना मी स्वतः माझा डोळा काढून दाखवला आहे.

टी ट्री किंवा सिट्रोनेला या सुवासिक गवताच्या तेलावर संशोधन जरूर व्हावं, आम्हाला त्याची गरज आहे. पण तुमची चौकट वाचून आज रात्री कोणीतरी डोळा तेलात बुडवणार आहे. तेव्हा ती मागे घेतल्याचं त्याच पुरवणीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा. आणि ज्या नेत्रतज्ज्ञांशी बोलल्याचं लेखात म्हटलं आहे, त्यांना ही चौकट छापण्याआधी दाखवली होती का, तेही वाचकांना कळवा.

आपली,
एक नियमित वाचक