परदेशी भाडेकरूची नोंद आणि घरमालकाची जबाबदारी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दीक्षाभूमीला आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेसला येणारे उपासक, विद्यापीठात शिकायला आलेले विद्यार्थी आणि मिहान या उद्योग प्रकल्पात काही महिन्यांच्या कामासाठी येणारे तंत्रज्ञ यांच्यामुळे नागपुरात परदेशी नागरिकांचा मुक्काम आता नवलाचा राहिलेला नाही. यांतील बरेच जण हॉटेलात न राहता वस्तीतल्या एखाद्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतात. अशा मुक्कामाची नोंद कोणी, कुठे आणि किती वेळात करायची, याची माहिती घर देणाऱ्यालाच नसते, ही गोष्ट आपल्या पत्राद्वारे पोलीस प्रशासनाच्या नजरेस आणावीशी वाटते.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा केंद्रीय कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ व २००० या सालांचे चार जुने कायदे रद्द झाले. मुख्यतः ब्रिटिशांच्या काळात केलेले नियम इतकी वर्षे चालवल्यानंतर ते एकत्र आणले गेले, हे योग्यच झाले. परंतु परदेशी व्यक्तीला निवारा देणाऱ्याने तिची माहिती शासनाला कळवावी, ही १९४६ च्या कायद्यातली जबाबदारी नव्या कायद्यातही कायम आहे, आणि त्याबरोबर शिक्षणसंस्था व रुग्णालये यांच्यावरील जबाबदारीही स्पष्ट शब्दांत नमूद झाली आहे. हॉटेलवाल्यांना हे पाठ असते, कारण त्यांचा तो रोजचा धंदा आहे. घराचे भाडे हाच ज्याचा म्हातारपणाचा आधार आहे, अशा निवृत्त गृहस्थाला हे कोण सांगणार?

गोंधळाचे मूळ असे आहे की येथे तीन वेगवेगळ्या नोंदी आहेत आणि लोक त्यांना एकच समजतात. पहिली नोंद परदेशी नागरिकाने स्वतः करायची असते. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे साधारणपणे शिक्षण, नोकरी किंवा संशोधन यांसाठी आलेल्या व्यक्तीने भारतात पोहोचल्यापासून १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे नाव नोंदवायचे असते. मुंबईसारख्या शहरांत त्यासाठी स्वतंत्र प्रादेशिक कार्यालय आहे. आपल्याकडे शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक हे काम पाहतात. २०१८ पासून अर्ज ऑनलाइन भरता येतो आणि बोलावणे आल्याखेरीज प्रत्यक्ष जावे लागत नाही, ही चांगली सोय आहे. दुसरी नोंद घर देणाऱ्याने करायची. लोक जिला ‘सी फॉर्म’ म्हणतात ती हीच. पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याच्या पासपोर्टचा व व्हिसाचा तपशील त्यात ऑनलाइन भरायचा असतो, आणि येथे मुक्काम सहा महिन्यांचा आहे की दोन रात्रींचा, याने काही फरक पडत नाही. तिसरी नोंद म्हणजे आपल्या परिचयाची, पोलीस ठाण्यात द्यायची भाडेकरूची माहिती. ती भारतीय भाडेकरूचीही द्यावी लागते आणि ती दिल्याने सी फॉर्म भरल्यासारखे होत नाही.

माझ्या परिचयाच्या एका घरमालकांनी परदेशी विद्यार्थ्याला खोली देताना ठाण्यात जाऊन भाडेकरूचा अर्ज भरला आणि एवढे पुरेसे आहे ना, असे मुद्दाम विचारलेही. पुरेसे आहे, असे त्यांना सांगण्यात आले. पुढे त्या मुलाला व्हिसाची मुदत वाढवून घ्यायची वेळ आली, तेव्हा सी फॉर्मची प्रत मागितली गेली आणि धावपळ सुरू झाली. ठाण्यातील कर्मचाऱ्यालाच जर हा फरक ठाऊक नसेल, तर घरमालकाकडे बोट दाखवणे कितपत न्याय्य आहे?

दुसरा प्रश्न तर नागपुरातल्या हजारो मध्यमवर्गीय घरांचा आहे. अमेरिकेत स्थायिक झालेली मुले आणि तिथेच जन्मलेली नातवंडे सुट्टीत आजी-आजोबांकडे येतात. त्यांच्याकडे ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड असेल, तर कितीही दिवस राहिले तरी नोंदणी अधिकाऱ्याकडे जावे लागत नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ती मुले परदेशी नागरिकच आहेत, आणि सी फॉर्म भरणाऱ्यांच्या यादीत खासगी घरांचाही उल्लेख आहे. मग सख्ख्या नातवाची माहिती आजोबांनी कळवायची का? याचे उत्तर ज्याला विचारावे तो वेगळे देतो. उलट, काही सोसायट्यांचे सचिव नेपाळी चौकीदाराकडे व्हिसा मागतात, ज्याची नेपाळमधून थेट भारतात आलेल्या नेपाळी नागरिकाला गरज नसते.

वेळेवर दिलेल्या स्पष्टीकरणाने किती फरक पडतो, हे या शहराने पाहिले आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा तिथून आलेल्या हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा कायम राहतील, असे केंद्राने लगेच जाहीर केले आणि जरीपटक्यातील अनेक सिंधी कुटुंबांचा जीव भांड्यात पडला. तेवढीच तत्परता रोजच्या नियमांबाबतही दाखवता येईल.

नियम सैल करा, असे माझे म्हणणे नाही. आपल्या शहरात कोण राहते आहे, हे शासनाला माहीत असलेच पाहिजे. मात्र भाडेकरूच्या अर्जात ‘भाडेकरू परदेशी नागरिक आहे काय?’ हा एक रकाना ठळकपणे असावा आणि उत्तर ‘होय’ असल्यास ठाण्यातूनच सी फॉर्मविषयी मराठीत छापलेली माहिती हाती दिली जावी. ओसीआय कार्डधारक नातेवाइकांच्या बाबतीत काय करायचे, हे पोलीस आयुक्तालयाने वृत्तपत्रांतून एकदा लेखी जाहीर करावे. आणि ज्येष्ठ नागरिकांना ऑनलाइन अर्ज भरणे जमत नसेल, तर तो भरून देण्यासाठी प्रत्येक ठाण्यात एक माणूस नेमून द्यावा.

आपला,
एक घरमालक वाचक,
धरमपेठ, नागपूर