केबलचा दाखला कोणी तपासला?

महोदय,

अणुवीज केंद्राची चर्चा अणुभट्टीपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. केबलकडे कोणी बघत नाही. २०१३ साली दक्षिण कोरियात शिन कोरी-२ आणि शिन वोलसाँग-१ या अणुभट्ट्या बंद कराव्या लागल्या, त्या कंट्रोल केबलच्या चाचणीचे दाखले बनावट निघाल्यामुळे.

केबलमधला दोष वरून दिसत नाही. तारेवर इन्सुलेशन चढवणाऱ्या यंत्राचा, एक्स्ट्रूडरचा, डाय (साचा) जरा सरकला की तांब्याची तार मधोमध राहत नाही. एका अंगाला इन्सुलेशन जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. ठरलेली जाडी ०.७ मि.मी. असेल तर सर्वांत पातळ जागीही ०.५३ मि.मी. मिळायलाच हवी. नुसती सरासरी काढून पास करणे ही धूळफेक. एक्सएलपीई, म्हणजे इन्सुलेशनचे क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन, कच्चे राहिले का, ते हॉट सेट चाचणीत कळते: २०० अंश सेल्सिअसला वजन टांगून १५ मिनिटे, नमुना १७५ टक्क्यांहून जास्त ताणला की नापास.

हे साध्या केबललाही लागते म्हणा. अणुभट्टीच्या केबलला आधी उष्णतेने आणि किरणोत्साराने ‘म्हातारी’ करून मग दाबाखालच्या वाफेत ठेवतात. काम खर्चिक, वेळखाऊ. कोरियात लबाडी नेमकी इथेच झाली. म्हणून दाखला पुरवठादाराच्या हातून नको, थेट प्रयोगशाळेकडून मागवावा, आणि नमुना खरेदीदाराने स्वतः ड्रमवरून कापावा. तारापूरबाबत ही पद्धत काय आहे, ते जाहीर व्हावे.

– एक वाचक, पालघर