येळ्ळूरचं रान बँकेत टाकू नका

पुणे, 20 मे

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर धाकटीच्या कॉलेजचा विषय निघाला आणि तुम्ही पटकन म्हणालात, "रान बँकेत टाकू, पण पोरीचं शिक्षण थांबायचं नाही." रात्रभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

आधी रानाचं सांगते. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर तारण लागत नाही, जामीनदारही लागत नाही. सहकर्जदार म्हणून तुमची सही पुरते. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जासाठी केंद्र सरकारचा हमी निधी आहे, म्हणून तिथेही तारण लागत नाही. तिला एवढं कर्ज लागणारच नाही. तेव्हा कुणी रानाचा उतारा मागितला तर कागद हातातून सोडू नका, मला फोन लावा.

पण कर्जाच्या आधी बघायची गोष्ट वेगळीच आहे. धाकटीने ज्या कॉलेजचा फॉर्म आणलाय, तिथे बीएस्सी आणि बीसीए एकाच इमारतीत चालतात. बीएस्सीच्या मंजूर जागांवरच्या प्राध्यापकांचा पगार सरकारी अनुदानातून होतो, म्हणून फी कमी. बीसीए विनाअनुदानित आहे. तिथे शिकवणाऱ्यांचा पगार, कॉम्प्युटर, लाईटबिल, सगळं पोरांच्या फीतून निघतं.

आई, तुझ्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांखाली माझ्या बीकॉमच्या पावत्या आहेत. काढून बघ. पिवळट कागद, निळा शिक्का, चार आकडी रक्कम. मला कधी एक रुपयाची स्कॉलरशिप मिळाली नाही, असं मी कायम म्हणत आले. ते खरं नव्हतं. तीन वर्षं सरकार माझ्यासाठी पैसे भरत होतं, फक्त ते पावतीवर छापलेलं नव्हतं. एमबीएला विनाअनुदानित कॉलेजात गेले आणि त्याच वर्षी तुम्हाला माझ्याबरोबर बँकेची पायरी चढावी लागली.

अनुदान आटलं की ओझं असंच खाली सरकत येतं. प्राध्यापक निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत, मग संस्था तासावर माणसं ठेवते आणि त्याचा खर्च फीत घालते. 2025 च्या सुरुवातीला तर आपल्या कर्नाटक राज्याच्या मंत्रिमंडळ उपसमितीने पैशाअभावी नवी नऊ विद्यापीठं बंद करण्याची शिफारस केली. त्यात आपल्या शेजारचं बागलकोटही होतं. केंद्राच्या संस्थांचंही तेच. 2017 पासून 'हेफा' नावाची संस्था त्यांना इमारतींसाठी अनुदानाऐवजी कर्ज देते. त्याचं मुद्दल काही संस्थांना पूर्ण, काहींना थोडं आपल्या कमाईतून फेडावं लागतं, आणि त्या कमाईत पोरांची फी आलीच. मला याचा राग येतो, बाबा. तुम्ही भाताच्या खतावर, डिझेलवर कर भरता, आणि तुमच्याच पोरीला शिकायला व्याजाने पैसे काढावे लागतात.

व्याजाचा हिशेब एकदा कागदावर मांडा. समजा, तीन वर्षं दरवर्षी एक लाख उचलले, व्याज 10 टक्के. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. पहिल्या लाखाचे चार वर्षांचे 40 हजार, दुसऱ्याचे 30, तिसऱ्याचे 20. पहिला हप्ता भरायच्या आधीच 90 हजार झाले.

घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर व्यावसायिक आणि तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी हे व्याज केंद्र सरकार भरतं. 2009-10 पासूनची योजना आहे. माझ्या वेळी बँकेत कुणी हे सांगितलं नाही. उत्पन्नाचा दाखला वेळेत द्यायचा असतो, हे मला मुदत संपल्यावर कळलं. त्या व्याजाचे हप्ते मी पगारातून फेडले, तुम्हाला बोलले नाही.

म्हणून धाकटीसाठी आधी स्कॉलरशिप, मग उरलेल्यापुरतंच कर्ज. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राज्याची रयत विद्या निधी आहे. पदवीच्या मुलींना वर्षाला 5,500 रुपये. रक्कम लहान आहे, पण पुस्तकं आणि बसपास सुटतो. त्यासाठी बाबांचा शेतकरी नोंदणीचा नंबर, म्हणजे एफआयडी, लागतो. आणि इथेच आपलं घोडं अडेल. बाबा, आधारवर तुमचं नाव 'परशराम' आहे, उताऱ्यावर कन्नडमध्ये 'परसराम' आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'परशुराम'. गावात सगळे तुम्हाला ओळखतात, पण कॉम्प्युटरला ही तीन वेगळी माणसं वाटतात. सीमाभागात मराठी शाळा आणि कन्नड दप्तर असलेल्या कितीतरी घरांचे अर्ज यातच अडकतात.

तिला बीसीएच करायचं असेल तर तिला अडवू नका. तिचं डोकं त्यात चालतं, मी बघितलंय. फक्त सरकारी पदवी कॉलेजात बीसीए आहे का, ते आधी विचारून या. तिथे मिळालं तर कर्जाचं नावही काढायला नको.

मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघते, शनिवारी सकाळी घरी पोचेन. त्याच दिवशी नाडकचेरीत उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज करू. आई, आधार, रेशनकार्ड आणि उतारा एका पिशवीत काढून ठेव. बाबा, धूळवाफ पेरणी चालू असेल तर तुम्ही रानातच थांबा, कचेरीत मी आणि धाकटी जातो. सहीपुरतं तुम्हाला बोलावून घेईन.

तुमची,
सुनीता