पट्टी 'लाइव्ह', गाणे कुठले?

महोदय,

पडद्याच्या कोपऱ्यात 'लाइव्ह'ची पट्टी झळकली की गाणेही तिथल्या तिथे गायले जात आहे, असे आपण धरून चालतो. प्रक्षेपण थेट असणे वेगळे आणि वादन थेट असणे वेगळे. बीबीसी टूवर ऑक्टोबर १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'लेटर... विथ जूल्स हॉलंड' या संगीत कार्यक्रमाकडे मागे वळून पाहिले की हा फरक नीट कळतो. त्याचा ३१ डिसेंबरचा 'हूटनॅनी' हा भाग काही दिवस आधीच चित्रित होतो. बाराच्या ठोक्याची उलटी मोजणीसुद्धा! पण वाजवणारे खरेच वाजवतात. त्याच वाहिनीसमूहाच्या 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये (१९६४ ते २००६) मात्र कितीतरी कलाकारांनी तयार टेपवर नुसते ओठ हलवले.

'लेटर'ची खरी करामत मांडणीत आहे. सगळे बँड एकाच स्टुडिओत गोलाकार बसवलेले, प्रत्येकाचे ड्रम, अ‍ॅम्प, माइक आधीच लावून तपासलेले. एकाचे गाणे संपले की फक्त कॅमेरे वळतात. २००८ पासून मंगळवारचा अर्ध्या तासाचा भाग थेट दाखवायला लागले, तेव्हा हीच मांडणी कामी आली. आपल्याकडे पुढच्या गायकाचे माइक लागेपर्यंत बिचाऱ्या निवेदकाला चारोळ्या म्हणत वेळ काढावा लागतो.

अर्थात गोल मांडणी साउंडवाल्याची परीक्षा पाहते. पाच बँड, प्रत्येकी वीस माइक धरा, झाले शंभर. उघडे माइक दुप्पट झाले की स्पीकरमधून शिट्टी येण्याआधी आवाज वाढवण्याची मोकळीक ३ डेसिबलने कमी होते. शिवाय १० मीटरवरच्या ड्रमचा आवाज समोरच्या माइकात सुमारे २९ मिलिसेकंद उशिरा शिरतो आणि ठोका फिसकटतो. म्हणून वाजणाऱ्या बँडचेच माइक चालू, बाकी म्यूट. म्यूट काढायला क्षणभर उशीर झाला की गाण्याचा पहिला शब्द गेलाच.

सगळ्यात छळते ती न वाजणाऱ्या ड्रमसेटची स्नेअर, म्हणजे खालच्या कातड्याला तारा लावलेला ड्रम. सतारीच्या तरफेच्या तारा न छेडता बोलतात, तशा तिच्या खालच्या तारा पलीकडच्या बेसने खरखरू लागतात. उपाय साधा: स्नेअरच्या बाजूचा खटका खाली पाडायचा, तारा सुटतात. मात्र आपली पाळी आली की तो परत वर करायचा. विसरला तर स्नेअर डब्यासारखी वाजते, आणि दुसरा टेक नसतो.

दिवाळी पहाट थेट दाखवणाऱ्या वाहिन्यांनी निदान दोन मंच समोरासमोर करून पाहावेत. तबला दिवे लावल्यानंतर, त्याच उष्णतेत अर्धा तास ठेवून मगच सुरात मिळवावा. नाहीतर पुडी (वरचे कातडे) तापून सूर चढतो. हार्मोनियमचा सूर आधी तपासावा, कारण ऐनवेळी बाकीच्यांनाच तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. आणि गाणे आधी ध्वनिमुद्रित केलेल्या ट्रॅकवर असेल, तर 'लाइव्ह'च्या पट्टीशेजारी तसे लिहावे.

– एक ध्वनिसंयोजक, पुणे