अण्णांचा फोटो आणि तुझी गोळी

सोलापूर
७ डिसेंबर २०२५

प्रिय विष्णू,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास, "कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली रे महिन्यापूर्वी, रिपोर्ट नॉर्मल आला ना." मी तेव्हा काही बोललो नाही. कारखान्यात माग चालू होते, त्या खडखडाटात धड ऐकूही येत नव्हतं. पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून हे पत्र लिहायला बसलोय. शेवटपर्यंत वाच.

रविवारी काकूंकडे गेलो होतो. घराला रंग द्यायचा म्हणून भिंतीवरचे फोटो उतरवून पलंगावर ठेवले होते. अण्णांच्या फोटोवर धूळ होती, मी धोतराच्या फडक्यानं काच पुसली. ताईच्या लग्नातला तो रंगीत फोटो, फेटा बांधलेला. इतकी वर्षं तो मी खालून बघितला होता, हातात पहिल्यांदाच घेतला. दोन्ही डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याला, वरच्या पापणीवर पिवळसर चट्टे आहेत. हरभऱ्याच्या डाळीएवढे, जरा उचललेले. आपण लहानपणी म्हणायचो, अण्णांच्या डोळ्याला हळद लागलीय. आठवतं? आणि गेल्या गड्ड्याच्या जत्रेला तू आलास तेव्हा वहिनी तुझ्या उजव्या पापणीकडे बोट दाखवून म्हणत होत्या, "याला काही मलम असतं का हो भाऊजी?"

तो चट्टा त्वचेचा रोग नाही, विष्णू. कातडीखाली साठलेलं कोलेस्टेरॉल आहे ते. माझ्या डॉक्टरांनी मला तपासताना सगळ्यात आधी पापण्या पाहिल्या, मग टाचेच्या वरची शीर चिमटीत धरून जाड आहे का ते बघितलं. मला तसलं काही नव्हतं. का बघता म्हणून विचारलं तर म्हणाले, काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच जास्त असतं, त्याच्या या खुणा. चट्टा असलेल्या प्रत्येकाला तो दोष असतोच असं नाही, हेही त्यांनी सांगितलं. पण तुझं नुसतं चट्ट्यावर थांबत नाही. गोळी सुरू करण्याआधी तुझं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, २०४ होतं. १९० च्या वर गेलं की डॉक्टर घराण्याची चौकशी करतात. आणि तुझ्या घराण्यात, तुझ्या वडिलांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

फेब्रुवारी १९८८. आपण दहावीत होतो. पहिली पाळी सुटून अण्णा सायकलवरून आले, ओट्यावर बसले, काकूंकडे पाणी मागितलं. मी तिथंच होतो, तुझी भूमितीची वही न्यायला आलेलो. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि थंडीचे दिवस. तांब्या हातातून सुटला आणि ओट्यावरून गडगडत गेला. ४६ वर्षांचा माणूस. सडपातळ, माळकरी, मटणाला कधी शिवले नाहीत. गल्लीत सगळे म्हणाले, वेळ आली होती. मीही आयुष्यभर तेच धरून चाललो.

आता तसं वाटत नाही. आपल्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, त्यात लिव्हरचा वाटा मोठा. रक्तात फिरणारं हे एलडीएल परत ओढून घ्यायचं कामही लिव्हरच करतं. त्यासाठी त्याच्या पेशींवर पकडणारे हात असतात असं समज. या घराण्यांत ते हात जन्मतःच कमी किंवा अधू. मग माणूस भाकरी-आमटी खाऊन राहिला तरी एलडीएल रक्तात साचत जातं, आणि लहानपणापासूनच धमन्यांच्या भिंतीत बसायला लागतं. या पकडणाऱ्या हातांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोन अमेरिकन डॉक्टरांना १९८५ मध्ये नोबेल मिळालं.

आणि ज्यावर मी रात्रभर जागा होतो ते हे. तुझी ती गोळी, स्टॅटिन. जपानच्या अकिरा एंडो नावाच्या शास्त्रज्ञानं सहा हजारांवर बुरश्या वगैरे तपासून १९७३ मध्ये एका बुरशीतून पहिलं स्टॅटिन शोधलं. अमेरिकेत अशा पहिल्या औषधाला परवानगी मिळाली १९८७ मध्ये. अण्णा गेले १९८८ मध्ये. औषध जगात आलेलं होतं रे, आपल्या गल्लीपर्यंत पोचलं नव्हतं एवढंच. आज त्याच जातीचं औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळतं आणि अण्णांचा मुलगा ते बंद करून बसलाय.

रिपोर्ट नॉर्मल आला, ७२ आला, खरं आहे. तो गोळीमुळे आला. गोळी लिव्हरमधली कोलेस्टेरॉल बनवायची वाट अडवते, मग लिव्हर आपली गरज भागवायला जास्त हात बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा जिथल्या तिथं. तापाच्या गोळीसारखा कोर्स नसतो हा. महिना झालाय ना तुला? आज रक्त तपासलंस तर तुला कळेल.

मांड्या दुखतात म्हणालास. ते मी खोटं मानत नाही, माझ्याही दुखत होत्या. २०२१ मध्ये स्टेंट बसल्यावर तिसऱ्या महिन्यात जिना उतरताना मांड्या भरून यायच्या. मी गोळी टाकली नाही, डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सीपीके (स्नायूंना इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉईड आणि डी व्हिटॅमिन तपासलं, थोडे दिवस गोळी थांबवली, मग दुसऱ्या जातीचं स्टॅटिन कमी डोसमध्ये दिलं आणि जोडीला इझेटिमाईब. ही गोळी आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाणं कमी करते. दुखणं गेलं. एलडीएल १६८ वरून आज ५८ वर आहे. डॉक्टरांनी तेव्हा एक प्रयोगही सांगितला. स्टॅटिननं त्रास होतो म्हणून ते सोडलेल्या ६० लोकांना लंडनमध्ये कधी खरी गोळी दिली, कधी तशीच दिसणारी बिनऔषधाची, कधी काहीच नाही. २०२० मध्ये निकाल आला. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्यातला ९० टक्के त्रास बिनऔषधाच्या गोळीवरही झाला होता. म्हणजे दुखणं खरं, पण दोष बहुतेक वेळा गोळीचा नाही. तुझ्या दुखण्यात गोळीचा दोष आहे की नाही ते तुझे डॉक्टर ठरवतील, आपण दोघांनी ठरवायचं नाही.

लिव्हर खराब होतं हा मेसेज मलाही आला होता. काही जणांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीतला एक आकडा, थोडं वाढतं, म्हणून डॉक्टर ते तपासून घेतात. लिव्हरला खरी मोठी इजा फार क्वचित. लसूण खा, अर्जुनाचा काढा वैद्याला विचारून घे, पण २०४ चा आकडा त्यानं खाली येणार नाही.

माझं दुखणं वेगळं, ते मी हातानं ओढवून घेतलेलं. वीस वर्षं तंबाखू. त्या दिवशी छातीवर कुणी सुताचा गठ्ठा ठेवलाय असं वाटत होतं, जबडा दुखत होता. एका ठिकाणी दाखवलं तर पित्त म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. ईसीजी नॉर्मल होता. दुसऱ्या दिवशी ही ऐकेना, दुसरीकडे नेलं, म्हणून आज लिहितोय. मनगटातून तार घालून अँजिओग्राफी केली, डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी ९० टक्के बंद. तुला कधी असा दाब आला, घाम सुटला, तर सोडा-लिंबू पीत बसू नकोस. १०८ लाव.

तंबाखू सोडणं गोळी घेण्यापेक्षा शंभर पटीनं अवघड गेलं. जेवण झालं की डावा तळहात आपोआप पुढं यायचा आणि उजवा अंगठा रिकाम्या हातावर मळायला लागायचा. हिनं त्या हातावर बडीशेप ठेवायला सुरुवात केली. सव्वा वर्ष लागलं तो अंगठा थांबायला. तू नशीबवान, तुला व्यसन नाही. पण व्यसन नाही म्हणून सुटलो, असं मनात असेल तर अण्णांनाही नव्हतं.

खाण्याचं थोडक्यात. शेंगा चटणी सोडू नकोस, शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल नसतंच. मीठ आणि प्रमाण बघ. ज्वारीची भाकरी उत्तम. वनस्पती तुपातली खारी, बटर, तळणीचं तेच तेच तेल, मटणाची चरबी, हे कमी कर. मी रोज पहाटे साडेपाचला कंबर तलावापर्यंत जाऊन येतो, उन्हाळ्यात त्यानंतर बाहेर निघवत नाही. याचा बीपीला, साखरेला, वजनाला फार उपयोग होतो. पण तुझ्यासारख्या केसमध्ये नुसत्या पथ्यावर भागत नाही, हे मी माझ्या डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलंय.

आता मुख्य. हा दोष असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी-निम्मी. तुला दोन मुलं आहेत. श्रुती २२ ची, ओंकार १७ चा. दोघंही ठणठणीत दिसतात, अण्णाही दिसत होते. दोघांची लिपिड प्रोफाइल करून घे, साधी रक्ताची तपासणी आहे. आत्ता कळलं तर पुढची तीस वर्षं हातात आहेत. श्रुतीला औषध लागलं तर लग्नानंतर, बाळाचा विचार करताना आधी डॉक्टरांशी बोलावं लागेल, तेही त्यांना विचारून ठेव. आणि ताईला तूच सांग, तीही अण्णांचीच लेक.

सोमवारी डॉक्टरांकडे जा. गोळी मनानं बंद केली होती हे लपवू नकोस, आणि अण्णांचं वय सांग, ४६. फोटोतल्या डोळ्यांचा मी मोबाईलवर जवळून फोटो काढलाय, तोही पाठवतो, त्यांना दाखव.

गड्ड्याला मुलांना घेऊन ये. अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यापाशी आपण दोघं जिथं उभे राहायचो तिथंच उभे राहू. काकूंना मी यातलं काही बोललो नाही. फोटो परत भिंतीवर लावताना त्या म्हणाल्या, "विष्णू अगदी यांच्यासारखा दिसायला लागलाय." मी नुसतं हो म्हणालो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष