मेस्त्रीमामा, तुमचे आभार सगळ्यांसमोर

नमस्कार मामा,

आमच्या गाडीच्या पॉवर स्टिअरिंगची तेलगळती काढून झाल्यावर तुम्ही पैसे घेतलेत, "झालं की वो बाई, चालवा आता" म्हणालात आणि लगेच पुढच्या गाडीखाली शिरलात. नीट आभार मानायला वेळच मिळाला नाही. ते असे उघडपणे मानतेय, कारण जुनी गाडी सांभाळणारी पुष्कळ घरं आपल्या खानापूर-बेळगाव भागात आहेत आणि तुमची कामाची रीत त्यांनाही कळायला हवी.

आमची टोयोटा क्वालिस २००३ची, केए २२ पासिंगची. बाबांनी घेतलेली. आता मी ती शाळेला नेते, जांबोटीच्या बाजूला, सोबतच्या शिक्षिकांना घेऊन. त्या रस्त्याची वळणं आणि तिथला पाऊस तुम्हाला मी काय सांगावा! स्टिअरिंग जड झालं की हात भरून येतात, आणि समोरून वाळूची लॉरी आली की पोटात गोळा येतो. वळताना पॉवर स्टिअरिंगचा पंप घुंई करून आवाज करायचा आणि गाडी जिथे उभी असेल तिथे खाली लाल तेलाचे डाग. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी दाखवली होती. त्यांनी बॉनेट उघडलं, वरूनच नजर टाकली आणि पंप व स्टिअरिंग बॉक्स दोन्ही बदलावे लागतील म्हणून सांगितलं. आकडा ऐकून आईने गाडी विकायचाच विषय काढला होता.

तुम्ही मात्र पाना हातात घेण्याआधी डिझेलचं फडकं घेतलंत. "ओल्यावर ओल शोधायची नसते बाई, आधी सुकं करू." पंप, नळ्या, बॉक्स, खालचा पत्रा, सगळं पुसून हवा मारून कोरडं केलंत. खाली जुना पेपर पसरलात. मग मला आत बसवून इंजिन चालू करायला लावलंत आणि स्टिअरिंग सावकाश एका टोकाला न्यायला सांगितलंत. टोकाला जाऊन धरून ठेवायचं नाही, लगेच सोडायचं, हे तीनतीनदा बजावलंत. नंतर तुमचा पोरगा आत बसला आणि उजेडाची हातबॅटरी माझ्या हातात देऊन तुम्ही मला तो थेंब दाखवलात.

तो मी विसरणार नाही. प्रेशर होजचं, म्हणजे पंपातून बॉक्सकडे दाबाने तेल नेणाऱ्या नळीचं, रबर जिथे लोखंडी फेरूलमध्ये, म्हणजे टोकावर दाबून बसवलेल्या कड्यात शिरतं, तिथे बारीक चीर. उन्हाळ्यात भेगाळलेल्या टाचेसारखं झालं होतं ते रबर. स्टिअरिंग फिरलं की चिरेत लाल तेल भरायचं, फेरूलच्या कडेवर थांबायचं, मग नळीच्या पोटाखालून ओघळत थेट बॉक्सवर जाऊन टपकायचं. बॉक्स ओला दिसायचा, पण गळत नव्हता! मला बोट लावून बघायचं होतं तर तुम्ही हात मागे ओढलात. स्टिअरिंग टोकाला गेलं की त्या नळीत सत्तर ते शंभर बारपर्यंत दाब चढू शकतो, टायरमध्ये असतो जेमतेम दोन-सव्वादोन बार, हे तुम्ही तिथेच समजावलंत. एवढ्या दाबाने उडालेली बारीक चिळकांडी कातडीत घुसू शकते. आणि तेच तेल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडलं तर धूर, कधी कधी आगसुद्धा. म्हणून क्लॅम्प आवळून किंवा टेप गुंडाळून तात्पुरतं करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही सरळ नाही म्हणता. हा तुमचा नकार मला फार मोलाचा वाटतो.

कंपनीची होज लगेच मिळत नव्हती. तुम्ही जुनी काढलीत, पण काढण्याआधी दोन्ही टोकांचे कोन खडूने आखून घेतलेत. टोक जरा फिरलं तरी नळी पिळवटते, नाहीतर कुठेतरी घासून पुन्हा फाटते. मग उद्यमबागेत जिथे जेसीबी आणि ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिक नळ्या करतात, तिथे घेऊन गेलात. मीही आले होते. तिथल्या माणसाशी तुमचं सगळं बोलणं कन्नडमध्ये, मला मधेमधे मराठीत समजावणं. आपल्याच गाडीची लोखंडी टोकं ठेवून, मधे तारेच्या जाळीची, तेल आणि उष्णता सोसणारी नवी होज, आणि दोन्हीकडे मशीनवर नवे फेरूल दाबलेले. बेळगावच्या फौंड्र्यांचं आणि हायड्रॉलिकच्या कामाचं नाव लहानपणापासून ऐकत होते, पण ते माझ्या रोजच्या प्रवासाला असं उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

बसवताना बॅन्जो बोल्टचे, म्हणजे नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसर नवे घातलेत. जुने एकदा दबलेले, पुन्हा नीट बसत नाहीत म्हणून. शेवटी पुढची चाकं जॅकवर उचलून, खाली स्टँड देऊन स्टिअरिंगच्या तेलात अडकलेली हवा काढलीत: इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत, डबीतलं तेल उतरलं की भर, पुन्हा फिरव. फेस आणि बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू. तुमचा पोरगा घाई करत होता, तुम्ही नाही केलीत. पंपाचा आवाज तिथेच गेला. पंप खराब नव्हताच, गळून तेल कमी झाल्यामुळे त्यात हवा शिरत होती.

बिल आधी सांगितलेल्या आकड्याच्या जवळपासही नव्हतं. पैसे वाचले याचा आनंद आहेच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की गाडीतलं काही कळत नसलेल्या बाईला तुम्ही दोष डोळ्यांनी दाखवलात, मगच काम सांगितलंत. जुनी होजही कापडात गुंडाळून माझ्या हाती दिलीत. आईला ती चीर दाखवली, तेव्हापासून गाडी विकायचं नाव घरात निघालेलं नाही.

खालचा पेपर मी रोज सकाळी बघते, कोरडा असतो. रिटर्नची, म्हणजे तेल परत डबीत आणणारी नळीसुद्धा कडक झालीय, दिवाळीच्या आत बदलून घ्या म्हणाला होतात. दसऱ्याच्या सुट्टीत गाडी घेऊन येते. लाल तेलाचा डबा सोबत आणते, त्याच नंबरचा.

तुमची,
खानापूर तालुक्यातली एक शाळाबाई